कोटाच्या मापाचं पोट

सोलापूर,
८ डिसेंबर २०२४

पायल यांना,

पोट सोडून बाकी सगळं ठीक आहे, असं म्हणून सुरुवात करतो.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुम्ही प्रत्येक वाक्यानंतर थांबता, ते विचार करून बोलता म्हणून का?" मी "हो" म्हणालो. मी विचार करत नव्हतो. मी ढेकर दाबत होतो. साखरपुडा झालेल्या मुलीच्या कानात लग्नाआधीच ढेकर जाऊ नये, एवढीच माझी धडपड होती. म्हणून हे पत्र. कागदावर माणूस सलग बोलू शकतो.

माझ्या ऑपरेशनचं तुम्हाला माहीत आहे. बैठकीत आमच्या मामांनी ते सांगितलंच, पण असं सांगितलं: "पोरानं पोटाला पट्टा घालून घेतलाय, आता काय काळजी न्हाय." त्यानंतर तुमचे अप्पा चहा संपेपर्यंत माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे बघत होते. त्यांना कृपया सांगा की तो साधा चामड्याचा आहे. खरा पट्टा आत आहे, जठराच्या वरच्या टोकाला. त्याला एक नळी आहे आणि नळीच्या टोकाला, कातडीखाली, बटणासारखी डबी आहे. डॉक्टर सुईने त्या डबीत पाणी भरतात तेव्हा पट्टा आवळतो, पाणी काढलं की सैल होतो. लेंग्याला असते तशी नाडीच, फक्त ओढायला डॉक्टर लागतो.

पाच वर्षांपूर्वी पुण्यात हे झालं तेव्हा मी एकशे एकतीस किलोचा होतो. नववीत शाळा सुटली तीही जाडीमुळेच. दोघांच्या बाकावर मी एकटा बसायचो आणि मास्तर रोज नवीन मुलाला "सरकून घे रे" म्हणून माझ्याजवळ पाठवायचे. तो मुलगा उभाच राहायचा. एके दिवशी मी घरीच राहिलो. पण वाचायचं सोडलं नाही, त्यामुळे आता टॉवेलच्या कारखान्यात आहे. लग्नासाठी नावं विणलेले टॉवेल निघतात ना, ती नावं मागावर जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातात.

साखरपुड्याला तुम्ही पाहिलंत तो मी चौऱ्याण्णव किलोचा होतो. तेव्हापासून स्थिर आहे.

तुमचा,
रेवणसिद्ध

&nbsp;

अकलूज,
१५ डिसेंबर २०२४

रेवणसिद्ध यांना,

पत्र मिळालं. आईने पाकीट तीनदा उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "आजकाल कोण पत्र धाडतंय? काय तरी दडवायचं असंल." मी म्हटलं, ढेकर दडवायचाय. ती अजून हसते आहे.

ढेकराचं मनावर घेऊ नका. अप्पा जेवण झाल्यावर असा ढेकर देतात की गोठ्यातली म्हैस मान वर करते.

माझं काम तुम्हाला ठाऊक नसेल. डेअरीच्या प्रयोगशाळेत मी दुधाची फॅट काढते, म्हणजे मोजते. दिवसभर लोक खिडकीशी येतात आणि फॅट कमी लागली म्हणून माझ्याशी भांडतात. जास्त लागली तर मिशीत हसत जातात. तेव्हा फॅट वाढल्याचा आनंद होणारी माणसं जगात आहेत, फक्त ती तुम्हाला अजून भेटलेली नाहीत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुम्हाला भाकरी चालते का? आई रोज विचारते. दुसरी, नवरदेवाचा पोशाख आमच्याकडून असतो हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या शिंप्याने साखरपुड्याच्या मापावर कोट कापायला घेतलाय. तो म्हणतो, माप बदललं असेल तर आत्ताच कळवा. मागे त्याने एका नवरदेवाला कोट चढेना म्हणून शाल पांघरून उभा केला होता.

पायल

&nbsp;

सोलापूर,
२७ डिसेंबर २०२४

पायल यांना,

माप बदललेलं नाही. शिंप्यांना निर्धास्त राहायला सांगा.

भाकरीचं सांगतो. भाकरी मला आवडते, मी भाकरीला आवडत नाही. तिचा घास पट्ट्यापाशी येतो आणि तिथेच बसून राहतो, टोलनाक्यावर पावती नसलेल्या ट्रकसारखा. मग मागची सगळी वाहतूक थांबते आणि थोड्या वेळाने उलट दिशेने सुरू होते. याउलट बासुंदी, श्रीखंड, साईचं दही यांना कुणी अडवत नाही. लाल दिव्याच्या गाडीसारखी सरळ आत जातात. म्हणजे जे खायला हवं ते जात नाही आणि जे जायला नको त्याला सलाम. हे यंत्र ज्याने शोधलं तो बासुंदी न खाणाऱ्या देशातला असावा.

त्यात आता गडंगनेरं सुरू झाली आहेत. तुमच्याकडे केळवण म्हणत असाल. परवा नागम्मा मावशीकडे होतं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिच्या घरी ताटात काही उरलं तर ती वर्षभर बोलत नाही आणि नंतर पाच वर्षं बोलते.

"आरं, खा की! सासुरवाडीला जाऊन सांगशील, मावशीनं उपाशी उठवलं म्हणून."

"मावशी, जात नाही गं."

"न जायाला काय झालं? लई मऊ केलीया. बघ, तुपात बुडवून देते."

तुपात बुडवलेली भाकरी मी तोंडात घातली. ती गेली, बसली, आणि मी हसत हसत उठून मोरीत गेलो. नळ सोडला. परत आलो तर मावशी आईला म्हणत होती, "वाळलाय गं बिचारा. त्येला भाकरी घालू नगा, बासुंदी घाला." तीन वाट्या झाल्या. एवढ्या मायेने कुणी कुणाला फुगवलं नसेल.

अजून पुष्कळ घरं शिल्लक आहेत. माझ्या वाळण्याची बातमी पुढे गेली असून, सगळीकडे दूध आटवायला ठेवलंय.

तुमचा,
रेवणसिद्ध

&nbsp;

अकलूज,
४ जानेवारी २०२५

रेवणसिद्ध यांना,

फॅट काढणाऱ्या बाईला तीन वाट्या बासुंदीचं कौतुक सांगता आणि वर माप बदललं नाही म्हणता. मला हिशेब येतो हो.

पण खरं विचारायचंय ते वेगळंच. मोरीत जाऊन नळ सोडता ते आवाज येऊ नये म्हणून ना? असं किती वेळा होतं? आणि परवा रात्री फोनवर तुम्ही सारखे खोकत होता. सर्दी म्हणालात, पण नाक चोंदलेलं वाटत नव्हतं. डॉक्टरकडे जाऊन या.

इकडे अप्पांनी नवाच उद्योग काढलाय. मामांनी पाठवलेले तुमचे दोन फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये आहेत, ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा. डेअरीवर दूध घालायला गेले की रांगेतल्या प्रत्येकाला दाखवतात. "बघा, ह्यो आमचा जावई. आन् हा बी त्योच!" लोकांना पटत नाही. मग अप्पा दोन्ही फोटोंत कानाखालचा तीळ दाखवतात.

सगळं गाव तुम्हाला बघायला लग्नात येणार आहे. तयारीत राहा.

पायल

&nbsp;

सोलापूर,
१६ जानेवारी २०२५

पायल यांना,

तुमच्या सांगण्याप्रमाणे डॉक्टरकडे जाऊन आलो. काळजीचं काही नाही. पट्टा थोडा आवळून घेतला, म्हणजे लग्नापर्यंत बासुंदीलाही पावती दाखवावी लागेल.

आता गडंगनेराला जातो, ताट बघतो, त्याची स्तुती करतो आणि येतो. काल आईने वरणाचं पाणी दिलं. निम्मं गेलं. निम्मं अजून विचार करतंय. विजार मात्र सैल झाली आहे, हे आनंदाने कळवतो. अप्पांना म्हणावं, गावाला खुशाल बोलवा.

हात जरा थरथरतोय म्हणून अक्षर बिघडलंय. थंडी फार आहे.

रेवणसिद्ध

&nbsp;

अकलूज,
२२ जानेवारी २०२५

रेवणसिद्ध यांना,

"निम्मं विचार करतंय" म्हणजे काय? मी ते वाक्य आमच्या डेअरीतल्या बाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

सोलापुरात एवढी थंडी कधी पडते?

पायल

&nbsp;

अकलूज,
३१ जानेवारी २०२५

रेवणसिद्ध यांना,

पत्राचं उत्तर नाही. फोन तुमच्या आईंनी उचलला. म्हणाल्या, "झोपलाय." भर दुपारी. कामाच्या दिवशी.

पत्रिका वाटून झाल्या आहेत. पण ते जाऊ द्या. पाणी तरी पोटात राहतंय का, एवढंच कळवा.

पायल

&nbsp;

सोलापूर,
६ फेब्रुवारी २०२५

पायल यांना,

हे पत्र दवाखान्यातून लिहितो आहे. घाबरू नका, जे व्हायचं ते होऊन गेलं. पट्टा आता पोटात नाही. एका डब्यात आहे. नर्सबाई विचारत होत्या, घरी नेणार का. एवढ्याशा सिलिकॉनच्या कड्याला मी पाच वर्षं साहेब म्हणत होतो.

आता पहिल्यापासून सांगतो.

तुमचं माप विचारणारं पत्र आलं तेव्हा मी कारखान्यातला टेप आणून माप घेतलं. मग टेप खोटा असेल म्हणून दुसरा आणला. दोन्ही टेप एकाच मताचे होते. वजन एकशे चार होतं. साखरपुड्याला चौऱ्याण्णव होतं हे खरं, पण "स्थिर आहे" हे तेव्हाही खरं नव्हतं. कोट सैल करा असं कळवायचं म्हणजे जाडी वाढली हे सासुरवाडीला लेखी देणं. आणि त्यानंतर अप्पांच्या फोटोंचं कळलं. तेव्हा एखाद्या शहाण्या माणसाने कोट उसवायला सांगितला असता. मी पोट आवळून घेतलं.

डॉक्टरांनी सुई हातात घेण्याआधी विचारलं होतं.

"उलट्या होतात?"

"नाही."

"रात्री आडवं झाल्यावर घशाशी काही येतं? खोकला?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"हो" म्हणालो असतो तर त्यांनी पट्टा आवळला नसता, उलट सैल केला असता. मला ते माहीत होतं. म्हणून तर "नाही" म्हणालो. यात डॉक्टरांचा दोष नाही. त्यांना काय माहीत, समोरचा माणूस शिंप्याकडे जायच्या ऐवजी त्यांच्याकडे आलाय.

त्यानंतर आधी भाकरी बंद झाली, मग वरण, शेवटी पाणी. आईला मी सांगायचो, लग्नापुरतं आहे. ती देवाला सांगायची. रविवारी पहाटे पोटात असं दुखलं की मी भिंत धरून खाली बसलो, ते उठलोच नाही. शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं. उचलताना एकजण म्हणाला, "वाळलाय म्हंत्यात, पर वजन हाय की!" तेवढ्यातही मला लाज वाटली.

पांढरं औषध पाजून फोटो काढला. जठर पट्ट्याखालून वर सरकून फुगलं होतं. डॉक्टरांनी शिकाऊ मुलांना बोलावून तो फोटो दाखवला. माझा फोटो लोक इतक्या आदराने बघताहेत असं आधी झालं नव्हतं. आणखी उशीर झाला असता तर तेवढं जठर सडलं असतं, असं ते म्हणाले.

आता भूक लागते. मोठी, जुनी, ओळखीची. उपासाने वजन उतरलंय, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ते परत चढणार. दुसरं ऑपरेशन असतं, पण निदान वर्षभर तरी नाही, आणि त्याचीही खात्री नाही.

लग्नाची या महिन्यातली तारीख तर हातची गेलीच. पुढचा निर्णय घ्यायला तुम्ही मोकळ्या आहात. अप्पांना म्हणावं, नंतरचा फोटो जपून ठेवा. तो दुर्मीळ होणार आहे.

रेवणसिद्ध

&nbsp;

अकलूज,
१० फेब्रुवारी २०२५

रेवणसिद्ध यांना,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा चिडले. चिडलेली असतानाच लिहिते आहे.

मी माप विचारलं ते कोट उसवायला. तुम्हाला उसवायला नाही.

"मोकळ्या आहात" असं लिहिलंत. मी काय दाव्याला बांधलेली होते? मी आधीपासून मोकळीच आहे आणि मोकळी असूनच हो म्हणाले होते. तेव्हा परवानगी देण्याचा मोठेपणा तुमच्याकडेच ठेवा.

वजनाची मला भीती वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाटते. साखर होईल, गुडघे जातील, चार बायका चार गोष्टी बोलतील. पण जाड माणसाबरोबर कसं राहायचं ते मला शिकता येईल. मोरीत नळ सोडून उलट्या करणारा आणि बाहेर येऊन हसणारा माणूस, त्याच्याबरोबर कसं राहायचं? रोज नळाचा आवाज ऐकत बसू?

अप्पा रुसलेत. फोटो दाखवणं बंद आहे. परवा एकाने आपणहून विचारलं तर म्हणाले, "मोबाईल चार्जिंगला हाय." मला म्हणतात, "आपल्याला फसवलं की." मी म्हटलं, आपल्यापेक्षा त्यांनी स्वतःला जास्त फसवलं, आणि तुमच्या फोटोंनी त्याला हातभार लावला. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काल म्हणाले, "मग फुडं किती वाढणार, ते त्यानं माझ्या तोंडावर सांगावं. मग बघू."

माझं म्हणणं एवढंच आहे. पोटाबद्दल यापुढे माझ्याशी खोटं बोलायचं नाही. जमणार असेल तर या, आणि अप्पांना जे आहे ते सांगा. मी तुमच्या वतीने एक शब्द बोलणार नाही. ते नाही म्हणाले तर मी त्यांच्याशी भांडेन, पण तुम्ही खरं बोलला असाल तरच.

बरे व्हा. चालायला लागलात की कळवा.

पायल

&nbsp;

अकलूज,
१२ मार्च २०२५

रेवणसिद्ध यांना,

हा काय प्रकार? मी ड्युटीवरून दुपारी घरी आले तर तुम्ही येऊन गेलेले! अप्पांनी मुद्दाम मी नसतानाची वेळ दिली होती म्हणे. आता विचारते तर मिशीत हसतात. आई म्हणते, "काय न्हाय, जरा बोलले." फोनवर तुम्ही "हो", "नाही" यापलीकडे जात नाही, कारण तुमच्या बाजूला सगळं घर बसलेलं असतं. काय झालं ते सगळं लिहा. एक शब्दही गाळू नका.

पायल

&nbsp;

सोलापूर,
१६ मार्च २०२५

पायल यांना,

सगळं लिहितो.

एसटीतून उतरलो तेव्हा माझी भाषणाची तयारी झालेली होती. अप्पा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. समोर दुसरी खुर्ची होती, प्लॅस्टिकची, बारीक पायांची. मी तिच्याकडे बघितलं. अप्पांनीही बघितलं. मग ते उठले आणि स्वतःची लाकडी खुर्ची माझ्याकडे सरकवून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. भाषण तिथेच विसरलो.

"आज किती हाय?" त्यांनी विचारलं.

"शंभर."

"दवाखान्यात किती होतं?"

"शहाण्णव."

"म्हंजी सुरू झालं."

"झालं."

"आन् फुडच्या साली?"

"माहीत नाही, अप्पा. वाढेल. सकाळ-संध्याकाळ चालतो, ताक पितो, गोड सोडलंय म्हणतो आणि अधूनमधून धरतो. तरी वाढेल. पहिल्याइतकं होईल का, तेही माहीत नाही."

"दुसरं आप्रेशन?"

"करता येईल की नाही, माहीत नाही."

"म्हंजी तुमाला काईच ठावं न्हाय."

"नाही."

मी घामाने भिजलो होतो. एवढ्या वेळा "माहीत नाही" मी शाळेतही म्हणालो नव्हतो.

"मग मी लोकांस्नी काय सांगू?" ते म्हणाले. "समद्यांस्नी फोटू दाखवून बसलोय."

"आधीचा दाखवत जा. तो लवकर जुना होणार नाही."

हे माझ्या तोंडून निघून गेलं. नंतर वाटलं, संपलं. मग अप्पांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता ते हसत होते. डोळे पुसून म्हणाले, "उठा, दोन घास खावा."

तुमच्या आईंनी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, वांगं, दही, शेंगांची चटणी. पायल, ती भाकरी गेली. कुठेही न थांबता, कुणाला न विचारता सरळ खाली गेली. पाच वर्षांनी. मी मान खाली घालून खात होतो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि चटणी तेवढी तिखट नव्हती.

एक भाकरी संपली. तुमच्या आई दुसरी घेऊन आल्या. वाफ निघत होती. आता खरं सांगतो: मला ती हवी होती. तिच्यानंतरचीही हवी होती. आजवर मी कुठल्याही घरात ताटावर हात धरलेला नाही. आधी भूक होती म्हणून, मग लाज होती म्हणून, आणि नंतर पट्टा होता, तो मोरीत जाऊन माझ्या वतीने नाही म्हणायचा. मी ताटावर हात आडवा धरला.

"बास, काकू."

त्यांचा चेहरा उतरला. "आवडलं न्हाय व्हय?"

"फार आवडलं."

"मग घ्या की. येवढ्यात कुटं पोट भरतंय? येवढा मोठा मानूस तुमी."

माझा हात ताटावर होता आणि त्यांची भाकरी हाताच्या वर. त्या मागे हटेनात. मला वाटायला लागलं की आता हात काढावा, खावी, त्यांचं मन राखावं, पुढचं पुढे बघू. हात हलायलाही लागला होता.

तेवढ्यात अप्पा तुमच्या आईंना म्हणाले, "अगं, ऱ्हाऊ दे की. जावई बास म्हणत्यात."

भाकरी परत गेली. अप्पांनी तो शब्द इतक्या सहज वापरला की मी ऐकला न ऐकलासा केला आणि पाणी प्यायलो. आतापर्यंत तो मनात पन्नास वेळा ऐकून झाला आहे. तारखेचं ते मामांशी बोलणार आहेत.

इथे पत्र संपवलं असतं तर मी फार चांगला दिसलो असतो. पण आपलं ठरलंय. अकलूजच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. तिथे मी एक मोठा ग्लास उसाचा रस प्यायलो. बर्फ नको म्हणालो, म्हणजे रस जास्त बसतो. मग गाडी आणखी उशिरा आहे असं कळलं आणि अर्धा ग्लास अजून घेतला.

अप्पांना हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्हाला सांगितलं.

तुमचाच,
रेवणसिद्ध